बिनखांबाचा जिना

तो उड्या मारत होता.

हॉस्पिटलच्या जिन्यात, दोन मजल्यांच्या मध्ये जी सपाट मोकळी जागा लागते तिथे, एक चांगला शिकलासवरलेला, चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस दोन्ही पाय जुळवून उड्या मारत होता. एक उडी. मग मान वाकडी करून काहीतरी ऐकल्यासारखं थांबायचं. मग दुसरी उडी.

आणि मी? मी त्याच्या खालच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून, टेप लावून एका पायरीची उंची मोजत होते. त्यामुळे दोघांत वेडं कोण, हे ठरवायचा अधिकार मला फारसा नव्हता.

"अहो," मी म्हटलं, "माझा टेप हलतोय."

"जिना हलतोय!" त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "तुम्हालाही जाणवलं? म्हणजे नक्की हलतोय."

"हॉस्पिटलचा जिना हलतोय याचा एवढा आनंद?"

"थोडा हलायलाच हवा. अजिबात हलत नसेल तर समजायचं, कुणीतरी घाबरून दुप्पट लोखंड घातलंय." मग त्याने माझ्या टेपकडे पाहिलं. "आणि तुमचं काय? पायरीला फ्रॉक शिवताय?"

मला हसू आलं, ते मी दाबलं. अनोळखी माणसासमोर इतक्या लवकर हसायचं नसतं.

त्या दिवशी मी आणि माझी आत्या गुडघ्यांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. लिफ्ट बंद होती आणि डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. आत्या खालच्या वळणावरच्या तिच्या नेहमीच्या खिडकीपाशी टेकली होती आणि "गुडघ्यांच्या डॉक्टरला वर नेऊन बसवणारा महाभाग मला एकदा भेटू दे," असं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होती. तिचा दम खाऊन होईपर्यंत मी टेप काढला होता. माझ्या पर्समध्ये कंगवा नसतो कधीकधी, टेप असतोच.

"ए उडीवाल्या," आत्याने खालून हाक मारली. "अंगात रग जास्त झाली असेल तर मला धर जरा."

मी ओशाळून गेले. तो मात्र पटापट खाली उतरला, हात पुढे केला आणि आत्याच्या चालीने चढू लागला. हे मी नीट पाहिलं. लोक अधू माणसाला हात देतात आणि नकळत ओढत नेतात. त्याने ओढलं नाही. ती थांबली की तोही थांबायचा, आणि आपण तिच्यामुळे खोळंबलोय असं तिला वाटू नये म्हणून कठड्याला टिचक्या मारून बघायचा.

वर पोचल्यावर तो माझ्याकडे वळला. "सातवी पायरी," हळूच म्हणाला.

"काय?"

"बाकीच्यांपेक्षा उंच आहे. तीच मोजत होतात ना?"

मी तीच मोजत होते. मी तोंड उघडेपर्यंत तो हसून निघूनही गेला.

"नंबर घेतलास?" आत्याने विचारलं.

"पायऱ्यांचा?"

"तुझं डोंबल!" आत्या म्हणाली आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

सोमवारी ऑफिसात मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालकीण, मोठ्या आर्किटेक्ट, आणि कमी बोलणाऱ्या. "हे आपले नवे स्ट्रक्चरल इंजिनिअर," त्या म्हणाल्या. "वाचनालयाचे हिशोब हे करतील. इमारत कशी दिसावी ते तू ठरव. ती उभी राहील का, ते हे सांगतील."

खुर्चीतला माणूस वळला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट.

"सातवी पायरी," तो म्हणाला.

"काय?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

आता हे वाचनालय माझ्यासाठी काय होतं, ते सांगायला हवं. माझी आत्या घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी नर्स होती. एक पाय लहानपणापासून अधू. आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे सुट्टीत मी तिच्या शेपटासारखी मागे. बाकीच्या मुलींनी सुट्टीत बागा पाहिल्या, मी जिने पाहिले. लोखंडी, लाकडी, अंधारे, घसरडे... प्रत्येक जिन्याच्या तळाशी उभं राहून आत्या वर बघायची आणि निकाल द्यायची. "इथली माणसं चांगली असणार, जिन्यात दिवा ठेवलाय." नाहीतर, "इथलं लवकर आटपू गं." चित्रकला बरी होती म्हणून मी आर्किटेक्ट झाले, असं मी मुलाखतींमध्ये सांगते. खरं कारण आत्याचा पाय आहे.

मॅडमच्या ऑफिसात लागले तेव्हा वाटलं होतं, आता मी जगाला चांगले जिने देणार. जगाने मला बाथरूम दिली. कित्येक वर्षं मी दुसऱ्यांच्या इमारतींमधली बाथरूमच काढत होते. नळ कुठे, उतार कुठे, फरशी कुठे कापायची. ऑफिसात माझं नावच पडलं, फरशी. मग एखादं दुकान मिळालं, कुणाची गच्ची मिळाली, आणि आता पहिल्यांदाच एक अख्खी इमारत माझी होती. दोन मजल्यांचं, अरुंद जागेवरचं छोटंसं वाचनालय.

दारातून आत आलं की समोर रुंद, सावकाश चढणारा जिना. मध्यावर खोलीएवढं मोठं लँडिंग, तिथे बाक आणि खिडकी. ज्याला दम लागेल त्याने बसावं, पुस्तक उघडावं. आणि त्या लँडिंगच्या बरोबर खाली, जे जिना चढूच शकत नाहीत त्यांची जागा. व्हीलचेअर आरामात वळेल एवढी मोकळी, तिथेही एक खिडकी, आणि सगळ्या इमारतीतला सगळ्यात चांगला उजेड तिथे. ती जागा कुणासाठी होती हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण तिथे मधोमध खांब आला, की व्हीलचेअर वळणार नाही आणि सगळंच मुसळ केरात. म्हणून लँडिंगला खालून आधार नको होता.

"खांब लाव आणि मोकळी हो," मॅडम म्हणाल्या होत्या. मी ऐकलं नाही. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. मॅडमनी चष्मा काढला की ऑफिसात टाचणी पडली तरी ऐकू येते. "ठीक आहे. हिशोब बसला तर बांध. पण बांधल्यावर वजन ठेवून टेस्ट होईल. नापास झालं आणि काम अडलं, तर हे काम तुझ्याकडून जाईल. आपल्या दुसऱ्या शहरातल्या शाखेत एक जागा रिकामी आहे."

"तिथे काय काम आहे?"

"बाथरूम," मॅडम म्हणाल्या.

त्याने हिशोब बसवला. रात्रंदिवस खपून, कागदांच्या चळतीच्या चळती खरडून बसवला. आणि दर रविवारी आम्ही दोघं शहरातले जिने बघायला जाऊ लागलो. कामासाठी. निदान पहिल्या दोन रविवारी तरी कामासाठीच.

मी मोजायचे, तो उड्या मारायचा. बँकेतून आम्हाला हाकलून दिलं. एका शाळेच्या शिपायाने मात्र खुर्ची आणून दिली आणि बसून मजा पाहिली.

"मला काचेचे कठडे आवडत नाहीत," मी त्याला सांगायचे. "आणि चकचकीत संगमरवरी पायऱ्या. त्यांना बघूनच पाय घाबरतात. मला लाकडी कठडा आवडतो, इतक्या हातांनी धरलेला की तो मऊ झालाय."

"मला जे दिसत नाही ते आवडतं," तो म्हणायचा.

"म्हणजे?"

"काँक्रीटच्या आतली सळई. सगळा भार तिच्यावर. आणि एकदा काँक्रीट ओतलं की तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही."

"इंजिनिअरसाहेब स्वतःबद्दल बोलतायत का?"

"आर्किटेक्टबाई ऐकतायत का?"

मी ऐकत होते. एका रविवारी पाऊस लागला आणि आम्ही एका जुन्या थिएटरच्या जिन्यात अडकलो. उघड्या जाळीतून तुषार आत येत होते, त्याच्या चष्म्यावर बारीक थेंब जमले होते आणि तो चष्मा न पुसताच बोलत होता. त्याचे बाबा ट्रकच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. येणारा ट्रक नुसता बघून वजन सांगायचं, हा त्याचा लहानपणीचा खेळ. एरवी तो सहसा जिंकायचा, पावसात मात्र हमखास हरायचा.

"ओली वाळू," तो म्हणाला. "वरून सुकी दिसते आणि पोटात पाणी धरून बसते. बाबा म्हणायचे, पावसात डोळ्यांवर जाऊ नकोस, काट्यावर घाल."

खरं सांगायचं तर मी त्याच्या मनगटाकडे बघत होते. पण ऐकतही होते.

तो जाळीकडून माझ्याकडे वळला. माझ्याकडे बघत राहिला. पावसाचा आवाज वाढला.

"एक विचारू?" 

"विचारा ना."

"तुम्ही..."

"मी?"

"तुम्ही... कठड्याची उंची किती धरलीय?"

त्या क्षणी त्याला त्याच कठड्यावरून खाली ढकलावंसं वाटलं मला. उंची सांगितली. त्याने ती मान डोलावून ऐकून घेतली. घरी आल्यावर आत्याने माझा चेहरा पाहिला आणि काहीही न विचारता पुढ्यात चहा ठेवला.

लँडिंग बांधून झालं. टेस्ट आठवड्यावर आली. आणि नेमकी तेव्हाच ती शीट माझ्या हातात पडली.

साइटवरच्या टेबलावर मी माझी पेन्सिल शोधत होते. त्याच्या कागदांखाली एक ड्रॉइंग होतं. माझाच जिना, माझंच लँडिंग. आणि लँडिंगखाली, बरोबर मधोमध, एक खांब. मापं घालून, नीट रेघ मारून काढलेला. अक्षर त्याचं.

तो मागून आला. माझ्या हातातला कागद पाहिला आणि जागच्या जागी थांबला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ते... जर कधी..."

"जर काय?"

"जर टेस्टमध्ये काही झालं, तर तयार असावं म्हणून."

"हिशोब तुमचा. सही तुमची. आणि तुमचाच त्याच्यावर विश्वास नाही?"

त्याने कागदासाठी हात पुढे केला.

"बोला ना! इतके दिवस मला सांगत होतात, होईल, नक्की होईल. आणि मागल्या दाराने खांब?"

"तसं नाहीये."

"मग कसंय?"

"मला सांगता येणार नाही," तो म्हणाला.

"मग राहू द्या," मी म्हटलं. "कठड्याची उंची तेवढी लक्षात ठेवा."

मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. म्हणून मी तरातरा निघून आले. पेन्सिल तिथेच राहिली. त्यानंतर आम्ही फक्त कामापुरतं बोललो. तो रविवार मी घरी काढला. जगातला सगळ्यात लांबलचक रविवार होता तो.

टेस्टच्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. आदल्या रात्री पाऊस चांगलाच झोडपून गेला होता, पण आता कोवळं ऊन पडलं होतं. मॅडम आल्या होत्या. ठेकेदारकाका आले होते, पोट सावरत, सगळ्यांना सूचना देत. लँडिंगखालच्या जागेभोवती दोरी बांधली होती. तिच्या आत कुणी जायचं नाही. खाली थोडं अंतर सोडून लाकडी टेकू उभे केले होते, लँडिंग कोसळलंच तर ते त्यांच्यावर पडावं म्हणून. आणि मध्ये स्टँडवर घड्याळासारखं एक यंत्र. वरचं वजन वाढेल तसं लँडिंग केसभर-केसभर वाकणार, आणि तेवढी यंत्राची सुई सरकणार. तबकडीवर एक लाल खूण होती. सुई तिच्या पलीकडे गेली की टेस्ट नापास.

वजन म्हणजे वाळूची पोती. मजूर एकेक पोतं खांद्यावर घेऊन जिना चढत होते. तो दोरीबाहेरून वाकून आकडे वाचत होता. मी त्याच्यापासून लांब, मॅडमच्या शेजारी उभी होते.

"काका, आज पोती जड लागतायत," एक मजूर म्हणाला.

"काल सुट्टी घेतलीत ना, अंग आखडलंय तुमचं," ठेकेदारकाका म्हणाले. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

फोन वाजला. आत्या. "वाकलं का गं?"

"आत्या, ठेव फोन."

सुई सरकत होती. निम्मी पोती चढली तेव्हाच ती मला वाटलं होतं त्यापेक्षा पुढे होती. मी त्याच्या पाठीकडे पाहिलं. तो ताठ झाला होता. आणखी पोती गेली. पोतं टेकवल्याचा धप् आवाज, मग त्याचा आकडा, पुन्हा धप्. मी भिंतीला हात लावला.

शेवटची काही पोती उरली असताना सुई लाल खुणेला टेकली. आणि शेवटचं पोतं टेकलं तेव्हा ती खुणेच्या पलीकडे होती.

त्याने आकडा वाचला नाही. वाचायची गरजच नव्हती.

मॅडमनी चष्मा काढला. "इंजिनिअरसाहेब, खांबाची शीट तयार आहे म्हणाला होतात."

म्हणजे मॅडमनाही माहीत होतं. त्याने निमूटपणे नळीतून कागद काढला. तो उलगडल्याचा आवाज त्या रिकाम्या इमारतीत केवढा तरी मोठा वाटला. माझ्या डोळ्यांसमोर ती उजेडाची जागा होती आणि तिच्या मधोमध तो खांब.

"लावा," मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता. "खांब लावा. माझी हरकत नाही."

त्याने वर पाहिलं. माझ्याकडे. मग त्याने तो कागद पुन्हा गुंडाळला.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"हिशोब चुकलेला नाही."

"मग सुई खोटं बोलतेय?"

"सुईही खरं बोलतेय. मधे तिसरंच काहीतरी घडलंय." आणि त्याने दोरी वर उचलली आणि सरळ लँडिंगच्या खाली गेला.

त्याच्या डोक्यावर ती सगळी पोती, ते वाकलेलं काँक्रीट... टेकू होते, मला माहीत होतं. पण मनाला कोण समजावणार?

"ए!" मी ओरडले. "बाहेर ये! वेडा आहेस का? बाहेर ये म्हणते ना! मला नको जिना. शंभर खांब लावा, पण तू आधी बाहेर ये!"

ठेकेदारकाका माझ्याकडे बघायला लागले. मॅडमही. मला कुणाची पर्वा नव्हती.

तो टॉर्च लावून वर बघत होता. "तडा नाही," तो शांतपणे म्हणाला. "एकसुद्धा नाही." मग त्याने मान पुसली. चष्मा काढून बघितला. "वर पाण्याची टाकी ठेवलीय का?"

"कसली टाकी?" काका म्हणाले.

"मग हे गळतंय काय?"

मी पाहिलं. लँडिंगच्या कडेला एक थेंब जमत होता. तो मोठा झाला, लोंबला आणि त्याच्या खांद्यावर पडला. पाण्याचा थेंब. छताखाली. तेवढ्यात मला थिएटरचा जिना आठवला, चष्म्यावरचे थेंब आठवले...

"काका! काल रात्री पोती कुठे होती?"

"बाहेर अंगणात. ताडपत्री टाकली होती ना, ताई."

"धड होती ताडपत्री?"

काकांनी डोकं खाजवलं. "तशी... एका बाजूने जरा फाटली होती."

मी धावत जिना चढले. एका पोत्याचं तोंड सोडलं आणि आत हात खुपसला. वर सुकी, भुरभुरीत वाळू. आणि आत, मनगटापर्यंत, थंडगार चिखल.

"तुझ्या बाबांचा ट्रक!" मी वरून ओरडले. "अरे, वाळू ओली आहे! आपण पोती मोजली. वजन केलंच नाही!"

तो खालून माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

काकांनी वजनकाटा आणला. एकेक पोतं अडकवून पाहिलं. ठरलेल्या वजनाच्या जवळजवळ सव्वापट वजन आम्ही त्या लँडिंगवर लादलं होतं, आणि ते बिचारं मुकाट्याने सोसत होतं. जादा पोती उतरवली. सुई मागे सरकली, लाल खुणेच्या अलीकडे, चांगली अलीकडे.

"उद्या सकाळपर्यंत वजन असंच राहू दे," मॅडम म्हणाल्या. "सगळं उतरवल्यावर लँडिंग परत वर आलं, तर पास. वाकलेलंच राहिलं, तर खांब." आणि त्या निघून गेल्या.

तो दोरीबाहेर आला. आम्ही समोरासमोर उभे राहिलो. त्याच्या खांद्यावर ओला डाग होता, माझ्या बाहीला चिखल.

"मघाशी तुम्ही मला... ए म्हणालात," तो म्हणाला.

"घाबरले होते."

"अच्छा."

"अजून रागावलेली आहे मी."

"माहीत आहे," तो म्हणाला. आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

आत्याला सगळं सांगितलं. तिने गुडघ्याला मलम चोळता चोळता ऐकून घेतलं. "खांब का काढला, ते विचारलंस का त्याला?"

"विचारलं. सांगत नाही."

"नीट विचारलंस, की भांडून विचारलंस?"

आत्याने मलमाचं झाकण लावलं आणि दिवा घालवला.

दुसऱ्या सकाळी पोती उतरायला लागली. एक उतरलं, दुसरं उतरलं. सुई मात्र जागची हलेना. मग ती हलली. एवढीशी. मग आणखी. पोती उतरत गेली तशी ती मागे-मागे येत गेली, आणि शेवटचं पोतं खाली आलं तेव्हा जिथून निघाली होती तिथे, जवळजवळ तिथेच, येऊन थांबली.

मॅडमनी स्वतः वाकून तबकडी पाहिली. मग त्याच्या हातातली ती गुंडाळलेली शीट घेतली आणि माझ्या हातात दिली. "फाड, नाहीतर जपून ठेव. तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "फरशी, जिना चांगला झालाय." हे एवढं वाक्य मी किती वर्षं ऐकायला थांबले होते, ते त्यांना माहीत नसेल.

काका मजुरांना घेऊन चहाला गेले. आम्ही दोघंच उरलो. मी कागद उलगडला. या वेळी भांडले नाही.

"हा खांब का काढला होतास?"

तो पायाखालच्या फरशीकडे बघत बोलू लागला.

"टेस्ट नापास झाली असती तर काम अडलं असतं," तो म्हणाला. "काम अडलं असतं तर तुम्हाला त्या शाखेत पाठवलं असतं. खांब तयार असता, तर दुसऱ्याच दिवशी काम पुढे सुरू. कुणी कुठे जायची गरज नाही. जिना बिघडला असता. तुम्ही मला जन्मभर शिव्या घातल्या असत्या. पण... इथे राहून घातल्या असत्या."

मी कागदावरच्या त्या खांबावर बोट ठेवलं.

"लँडिंगला त्या खांबाची गरज नव्हती," तो म्हणाला. "मला होती."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? तुमचा जिना गेला तरी चालेल, पण तुम्ही जाऊ नका?"

"आणि काल? काल तर सुई पलीकडे गेली होती. मग काल का नाही लावलास?"

"काल तुम्ही 'लावा' म्हणालात, तेव्हा तुमचा चेहरा बघितला." त्याने चष्मा काढला, उगाचच पुसला. "तसा चेहरा घेऊन तुम्ही रोज माझ्यासमोर राहिला असतात... ते नको होतं मला. त्यापेक्षा तुम्ही गेलेल्या परवडल्या असत्या."

बाहेर कुठेतरी एक सायकल घंटी वाजवत गेली. त्या उजेडाच्या जागी, जिथे खांब नव्हता तिथे, ऊन पसरलं होतं. मला तो खूप आवडतो, हे मला किती दिवसांपासून माहीत होतं. इतका आवडतो, हे त्या क्षणी कळलं.

"आत्यांना कधी आणायचं?" त्याने हळूच विचारलं. "त्यांची जागा तयार आहे."

"ही आत्याची जागा आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. हॉस्पिटलात त्या ज्या खिडकीपाशी बसल्या होत्या, तशीच खिडकी तुम्ही इथे काढलीय. तेवढ्याच उंचीवर. पहिल्या दिवशी ड्रॉइंग उघडलं तेव्हाच कळलं."

आता मात्र मी रडले. त्याच्यासमोर, चांगली, नाक लाल होईपर्यंत. तो घाबरला, खिशात रुमाल शोधू लागला, सापडला तो ग्रीसचा.

"अहो... काय झालं? मी काही चुकीचं..."

"अहो नाही," मी म्हटलं. "तू म्हण. आणि जे थिएटरच्या जिन्यात विचारायचं होतं, ते आता विचार. कठड्याची उंची सोडून."

तो लालबुंद झाला. त्याने विचारलं. काय विचारलं ते मी इथे लिहिणार नाही, ते माझं आहे. मी हो म्हटलं. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा म्हटलं.

पर्समध्ये फोन वाजत होता. आत्याच असणार. दोन मिनिटं थांबेल ती. मी त्याचा हात धरला आणि आम्ही जिना चढलो, सावकाश, आत्याच्या चालीने. लँडिंगच्या मधोमध येऊन थांबलो.

"टेप आणलास का?" त्याने विचारलं.

"आहे ना."

"मग मोज."

मी पर्स खाली ठेवली, टेप आतच राहू दिला आणि दोन्ही पाय जुळवले.

"आज मी उडी मारणार," मी म्हटलं. "तू ऐक."